बिल वॉकरचा एक पाउंड

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाला नवी इमारत हवी आहे. जुन्या इमारतीची कौलं गळतात. दर जूनमध्ये संदर्भ विभागातली कपाटं प्लॅस्टिकच्या कागदाने झाकावी लागतात. इमारत निधीला जिल्ह्यातल्या एका मोठ्या दारूविक्रेत्याने भरघोस देणगी देऊ केली आणि कार्यकारिणीच्या सभेत जो वाद व्हायचा तो झाला. एका बाजूने ‘पैशाला वास नसतो’ हे ऐकवलं. दुसरीने विचारलं, संसार बुडवून आलेल्या पैशावर वाचनालय उभं करायचं का? मग एका निवृत्त प्राध्यापकांनी बर्नार्ड शॉच्या ‘मेजर बार्बरा’ या नाटकाचा दाखला दिला. शॉने हा प्रश्न १९०५ सालीच निकालात काढला आहे, असं त्यांचं म्हणणं. शुद्ध पैसा जगात नसतोच, तेव्हा घ्यावा आणि चांगल्या कामाला लावावा. त्यांना विरोध करणाऱ्या एका बाईंनी त्याच नाटकाचा दाखला उलटा दिला. त्यातली बार्बरा असा पैसा घेतला म्हणून संस्थेचा बिल्ला काढून टाकते, त्याचं काय?

मला दोघांचंही पटलं नाही, आणि त्याहून जास्त खटकली ती वादाची रीत. पैसा म्हणजे जणू सुपातले तांदूळ, आणि प्रश्न काय तो त्यात खडे किती एवढाच, अशा पद्धतीने दोन्ही बाजू बोलत होत्या. माझ्या मते कलंकित देणगीत नाण्याच्या जन्मापेक्षा घेणाऱ्याच्या जिभेकडे बघायला हवं. देणाऱ्याला जे सांगणं हेच तुमचं काम होतं, ते देणगी घेतल्यावरही सांगता येतं का? येत असेल तर पैसा कुठूनही येवो. येत नसेल तर तो घामाचा असला तरी महाग पडतो. शॉचं नाटक नेमकं यावर आहे. आणि बार्बरा त्यात बरोबर आहे. दुसऱ्या अंकात तर आहेच, पण जिथे ती हरली असं बहुतेक जण समजतात त्या तिसऱ्या अंकातही.

हे नाटक लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये २८ नोव्हेंबर १९०५ रोजी पहिल्यांदा झालं. बार्बरा ही तोफा आणि दारूगोळा बनवणाऱ्या अँड्र्यू अंडरशाफ्ट या कोट्यधीशाची मुलगी. ती साल्व्हेशन आर्मीत, म्हणजे आपल्याकडे जिला मुक्तिफौज म्हणतात त्या गरिबांत काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्थेत, मेजर आहे. ही फौज आपल्याला परकी नाही. १८८२ साली फ्रेडरिक टकर हा आयसीएसची नोकरी सोडलेला इंग्रज तीन साथीदारांसह मुंबईत उतरला तेव्हापासून ती इथे आहे, आणि नगरचं त्यांचं बूथ हॉस्पिटल त्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. नाटकाचा दुसरा अंक मात्र घडतो वेस्ट हॅममध्ये, पूर्व लंडनच्या गरीब वस्तीतल्या निवाऱ्याच्या अंगणात, जानेवारीच्या थंडीत. तिथे पीटर शर्ली नावाचा कामगार येतो. वय अवघं ४६, पण केस पिकलेले दिसले म्हणून कामावरून काढलेला. फुकटचा पाव खायला त्याला लाज वाटते आणि पोटात आग पडलेली असते. तिथेच रमी मिचेन्स ही म्हातारी आणि स्नॉबी प्राइस हा इसम पावाच्या तुकड्यासाठी आणि दुधासाठी न केलेली पापं रडून कबूल करतात. आपण आईला मारायचो, असं स्नॉबी भर सभेत सांगत असतो, कारण जितकं पाप मोठं तितकं परिवर्तन मोठं आणि तितकी वर्गणी जास्त.

त्याच अंगणात बिल वॉकर येतो. फौजेने आपली मैत्रीण ‘पळवली’ म्हणून तो म्हातारीला मारतो आणि जेनी हिल या कोवळ्या मुलीच्या तोंडावर ठोसा लगावतो. बार्बरा पोलीस बोलावत नाही. ती त्याच्याशी बोलत राहते, शांतपणे, त्याच्या मनातली जी जागा दुखते आहे तिच्यावरून बोट न हलवता. बिलला ते असह्य होतं. फिटंफाट व्हावी म्हणून तो दुसऱ्या एका धर्मांतरित पैलवानाकडून मार खायला जातो. तो पैलवान त्याला मारण्याऐवजी त्याच्या डोक्यावर गुडघा टेकून प्रार्थना करतो. शेवटी बिल खिशातला एक सोन्याचा पाउंड काढतो. थंडीच्या दिवसांसाठी साठवलेल्या पैशांतला तो पाउंड. हा घ्या आणि विषय संपवा. बार्बरा नाही म्हणते. फौज विकत मिळत नाही, आम्हाला तुझा आत्मा हवा आणि त्याहून कमी काही चालणार नाही. तिचा बाप शेजारीच उभा असतो. तो म्हणतो, मी ९९ घालतो, शंभर होतील. तरीही ती नाही म्हणते. त्याआधी त्याने वर्गणीच्या खंजिरीत दोन पेनी टाकायची तयारी दाखवली होती, तीही तिने नाकारलेली असते, कारण त्या हातांवरचं रक्त दोन पेनींनी काय, वीस लाखांनीही धुतलं जाणार नाही.

आणि मग मिसेस बेन्स, फौजेच्या आयुक्त, आनंदाने थरथरत येतात. लॉर्ड सॅक्समुंडहॅम पाच हजार पाउंड देणार आहेत, मात्र आणखी पाच जणांनी हजार-हजार दिले तरच. हे लॉर्ड म्हणजे बॉजर, व्हिस्कीवाला. ज्याच्या नावाच्या दिव्यांच्या अक्षरांनी लंडनचं आकाश रात्री उजळतं आणि ज्याच्या बाटलीतून वाचलेली माणसं रोज या निवाऱ्यात येतात, तोच. अंडरशाफ्ट जागच्या जागी सगळ्या पाच हजारांचा चेक लिहून देतो. ढोल वाजतो, ट्रॉम्बोन वाजतो, मिरवणूक निघते. बार्बरा आपला बिल्ला काढून बापाच्या कोटाला लावते. आणि ज्या बिलचा आत्मा एका तासापूर्वी हाताशी आला होता, तो तिला विचारतो: आता मुक्तीचा भाव काय? त्याने ढोलावर टाकून दिलेला तो पाउंड मधल्या मध्ये नाहीसा झालेला असतो. नुकताच ‘तारला गेलेला’ स्नॉबी तो घेऊन गेलेला असतो.

हा प्रसंग कलंकित पैशाच्या वादात नेहमी सांगितला जातो, पण त्यातल्या दोन रकमा क्वचितच शेजारी ठेवून बघितल्या जातात. एक पाउंड आणि पाच हजार पाउंड. दोन्ही एकाच हेतूने पुढे आल्या आहेत: गप्प बसवायला. बिलला स्वतःच्या मनाचा आवाज बंद करायचा आहे, बॉजरला जगाचा. नाटकात अंडरशाफ्ट बॉजरचा हिशेबच मांडतो. बॉजरने एक कॅथीड्रल दुरुस्त करून दिलं, सरकारने त्याला बॅरोनेट केलं. पक्षनिधीला पाच लाख पाउंड दिले, त्याला बॅरन केलं. पीटर शर्ली विचारतो, मग या पाच हजारांबद्दल काय देणार? अंडरशाफ्ट म्हणतो, आता द्यायला काही उरलेलंच नाही, तेव्हा हे बहुधा आत्म्यासाठी असावेत. म्हणजे गरिबाने आत्मा आणून द्यायचा आणि श्रीमंताने चेक. बार्बराचं हृदय तुटतं ते पैसा घाण आहे म्हणून तुटत नाही. आपली फौज दोन भावांनी मुक्ती विकते हे तिला एका क्षणात कळतं.

आता विरुद्ध बाजू. ती दुबळी नाही, आणि तिला दुबळी समजून बोलणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पहिला मुद्दा खुद्द शॉचा आहे. नाटकाला त्याने लांबलचक प्रस्तावना लिहिली आणि तीत स्पष्ट सांगितलं, की काही विशिष्ट नाणी कलंकित आणि बाकीची स्वच्छ ही एक भाबडी समजूत आहे. भाडं, व्याज, नफा सगळं एकाच विहिरीतून येतं. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याच्या खिशात थोडं पाप आहेच. सैतानाने पैसा दिला तरी घेऊ, त्याच्या हातून सोडवून देवाच्या हाती देऊ, ही फौजेच्या लोकांची भूमिका त्याने तिथे मान्यतेने सांगितली आहे. आपल्याकडे हेच तीन शब्दांत सांगतात: चोराच्या हातची लंगोटी. दुसरा मुद्दा भुकेचा. मिसेस बेन्सना पैसा मिळाला नाही तर निवारे बंद होणार आहेत, बाहेर कडाका आहे, आणि पीटर शर्ली आज रात्री उपाशी आहे. ज्याचं पोट भरलेलं आहे त्याने भुकेल्याच्या वतीने देणगी नाकारणं यात एक क्रूरपणा आहे, हे मी मान्य करतो. वाचनालय आणि निवारा यांत फरक आहे. पुस्तक दोन वर्षं थांबू शकतं, पोट थांबत नाही.

शुद्धतेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ओळखायला हवी: त्यांच्या युक्तिवादाचं कूळ चांगलं नाही. दान कुणाकडून घेऊ नये याच्या याद्या आपल्या धर्मशास्त्रांत आहेत. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात खाटीक, तेली, दारू विकणारा आणि वेश्यावृत्तीवर जगणारा यांना एका ओळीत बसवलं आहे. तेल्याने कुणाचं काय बिघडवलं होतं? तिथे प्रश्न कृत्याचा नव्हताच. देणाऱ्याच्या स्पर्शाने घेणारा बाटतो, एवढाच होता. आज कुणी ‘असला पैसा आपल्या वास्तूला नको’ म्हणतं तेव्हा त्यात किती विवेक आहे आणि किती जुनं सोवळं, हे तपासून बघावं लागतं. बिल वॉकरला निवाऱ्यात यायला बंदी नव्हती. बॉजर आला असता तर त्यालाही नसती. बार्बराने माणूस कधीच नाकारला नाही, आणि हे तिच्या समर्थकांनी विसरू नये.

तर मग एवढं सगळं मान्य करूनही बार्बरा बरोबर कशी? पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. सगळाच पैसा एका विहिरीचा आहे, कबूल. पण यावरून एवढंच सिद्ध होतं की नाण्याकडे बघून निवाडा करता येत नाही. निवाडा करताच येत नाही, हे कुठे सिद्ध होतं? ‘पैशाला वास नसतो’ ही म्हण ज्याच्या नावावर सांगतात तो रोमचा सम्राट व्हेस्पेशियन लघवीवर कर घेत होता. मुलगा टायटस नाक मुरडू लागला तेव्हा त्याने नाणं त्याच्या नाकाशी धरलं. गोष्ट मजेदार आहे, पण ती कराची आहे. कर हक्काने घेतला जातो. कर भरणाऱ्याच्या नावाची कोनशिला कुणी बसवत नाही, त्याला हार घालायला मंचावर बोलावत नाही, आणि कर घेतला म्हणून राजाची मान खाली जात नाही. (आजची सरकारं दारूच्या अबकारी उत्पन्नाला चटावतात हे खरं, पण तो सरकारांच्या लोभाचा विषय आहे, उपकाराचा नाही.) देणगी मात्र उपकार म्हणून येते. मराठीत आपण म्हणतो, मिंधा झालो. हा शब्द जितका अचूक आहे तितका प्रस्तावनेतला शॉ नाही. प्रस्तावना त्याच्यातल्या वकिलाने लिहिली आहे, नाटक नाटककाराने. आणि नाटककाराला मिंधेपणाचा आवाज कसा असतो ते ऐकू आलं होतं. चेक लिहिला जात असतानाचं मिसेस बेन्सचं बोलणं ऐका. बार्बरा व्हिस्कीच्या त्या जळत्या अक्षरांबद्दल बोलू लागते, आणि आयुक्तबाई, ज्यांनी आयुष्य दारूविरुद्ध घालवलं आहे, म्हणतात की देवाने या पैशाचा चांगला उपयोग शोधला असेल तर आपल्या प्रार्थनेच्या उत्तराला आपणच आडवं कसं यायचं? अजून पैसा बँकेत गेलेला नाही आणि बॉजर देवाचं साधन झालेला आहे.

भुकेचा मुद्दा याहून अवघड आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. मिसेस बेन्स अंडरशाफ्टला १८८६ ची आठवण देतात. त्या वर्षी लंडनच्या बेकारांनी पॅल मॅलवरच्या श्रीमंतांच्या क्लबांच्या काचा फोडल्या होत्या. अंडरशाफ्ट तत्परतेने पुढचं सांगतो: आणि दुसऱ्या दिवशी मॅन्शन हाउस निधी, म्हणजे बेकारांसाठीची वर्गणी, तीस हजारांवरून एकोणऐंशी हजार पाउंडांवर गेला! बाईंना यातून सुचवायचं असतं की फौज गरिबांना शांत ठेवते, काचा वाचवते, म्हणून मदत करा. त्यांना कळत नाही की त्यांनी आपल्याच बाजूचा खटला हरवला आहे. निधी एका रात्रीत अडीचपट झाला तो कुणाच्या गोड बोलण्याने? भुकेल्यांना जे मिळालं ते आवाजाने मिळालं, आणि आता हा आवाज बंद ठेवण्याच्या मोबदल्यात त्यांना पाव मिळणार आहे. याच अंकात अंडरशाफ्ट आणि बार्बराचा प्रियकर कझिन्स यांच्यात जो संवाद आहे तो मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा अंगावर काटा येतो. फौज गरिबांना निर्व्यसनी करते, कझिन्स सांगतो. अंडरशाफ्ट म्हणतो, शुद्धीतले कामगार मला आवडतात, नफा वाढतो. ती त्यांना प्रामाणिक करते. ते सर्वांत स्वस्त पडतात. निःस्वार्थी करते, म्हणजे स्वतःच्या हिताबद्दल बेफिकीर, उत्तम. आनंदी करते, क्रांतीपासून याहून चांगलं संरक्षण नाही. त्यांचं लक्ष स्वर्गाकडे लावते. आणि कामगार संघटनेकडून काढून घेते, फारच छान. देणगी म्हणजे काय विकत घेणं हे देणाऱ्याला स्वच्छ माहीत आहे. ज्याला माहीत नाही तो फक्त घेणारा. तेव्हा पीटर शर्लीला आज रात्री पाव द्या, जरूर द्या. पण त्याला कामावरून का काढलं हे उद्या सकाळी विचारायचा हक्क त्या पावाच्या बदल्यात गहाण टाकला असेल, तर त्याचं भलं झालं की नुकसान?

हा निव्वळ नाटकातला पेच नाही. ज्या १९०५ साली हे नाटक आलं त्याच वर्षी अमेरिकेत हाच वाद पेटला होता. स्टँडर्ड ऑइलचा मालक रॉकफेलर याने काँग्रिगेशनल पंथाच्या परदेशी मिशनांच्या बोर्डाला एक लाख डॉलर दिले. वॉशिंग्टन ग्लॅडन या त्याच पंथाच्या वजनदार धर्मोपदेशकाने जाहीर विरोध केला आणि ‘कलंकित पैसा’ हा शब्द घरोघरी गेला. मराठी वाचकाला हे बोर्ड लांबचं वाटायला नको: १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली नगरला आलेलं अमेरिकन मराठी मिशन याच बोर्डाचं, ज्ञानोदय हे नियतकालिक त्याचंच, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक त्या वेळी नगरला याच मिशनचं काम करत होते. ग्लॅडनचा आक्षेप डॉलर घाण आहेत असा उथळ नव्हता. ज्या मक्तेदारीविरुद्ध धर्मसंस्थेने बोलायला हवं तिच्याकडून भेट घेतली तर धर्मसंस्थेचं तोंड बंद होईल, ही त्याची भीती होती. ही देणगी आपणहून आलेली नसून बोर्डानेच मागून मिळवली होती, हे नंतर बाहेर आलं. ते आधी सांगायला बोर्डाला संकोच वाटला होता. पैशाला वास नसतो तर मग संकोच कशाचा?

याच्या उलट बाजूचं एक उदाहरण खऱ्या मुक्तिफौजेच्याच इतिहासात आहे. पूर्व लंडनमधल्या काडेपेटीच्या कारखान्यांत पांढरा फॉस्फरस वापरला जाई. त्याच्या वाफांनी कामकरी मुलींचे जबडे सडत. १८८८ साली ब्रायंट अँड मे कंपनीतल्या मुलींनी गाजलेला संप केला. १८९१ मध्ये मुक्तिफौजेने ओल्ड फोर्डला स्वतःचा काडेपेटीचा कारखाना काढला, निर्धोक तांबडा फॉस्फरस वापरला, मजुरी जास्त दिली आणि लोकांना दाखवून दिलं की जबडे न सडवताही काडी पेटते. पुढे १९०१ मध्ये ब्रायंट अँड मेने पांढरा फॉस्फरस सोडला. संप, वर्तमानपत्रं, कायद्याचा धाक असं बरंच काही त्यामागे होतं. पण विचार करून बघा. समजा त्या मालकांनी १८९० साली फौजेला पाच हजारांचा चेक दिला असता आणि फौजेने तो वाजतगाजत घेतला असता, तर ओल्ड फोर्डचा कारखाना निघाला असता का? कदाचित सडलेल्या जबड्यांच्या मुलींसाठी एक छान दवाखाना निघाला असता, दारावर मालकांच्या नावाची पाटी लावून.

असे दवाखाने आपल्याकडेही आहेत, आणि इथे मला जपून बोलायचं आहे. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या संपत्तीत चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापाराचा मोठा वाटा होता. जार्डिन मॅथेसन या ब्रिटिश व्यापारी कंपनीशी त्यांचे जुने संबंध होते. डेव्हिड ससून यांच्या घराण्याचंही तेच. त्याच हातांनी १८४५ साली सुरू झालेलं जे. जे. रुग्णालय दिलं, १८५७ चं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट दिलं, पुण्याचं ससून दिलं. जमशेटजींच्या पत्नी अवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले म्हणून माहीमचा कॉजवे झाला आणि खाडीत माणसं बुडायची थांबली. तेव्हा अफूचा धंदा बेकायदा नव्हता, खुद्द कंपनी सरकार त्यात होतं, आणि मी आज बसून त्या दात्यांना गुन्हेगार ठरवणार नाही. जे. जे. मध्ये जगलेल्या लाखो माणसांना कुणी सांगावं की तो पैसा घ्यायला नको होता? पण ही नावं घेताना आपल्याला अफू किती वेळा आठवते? कँटनच्या अफूच्या अड्ड्यात खंगलेल्या माणसाचा आणि भायखळ्याच्या वॉर्डातल्या रुग्णाचा काही संबंध आहे, हे शाळेत आपल्याला कुणी सांगितलं? वाल्या कोळ्याच्या बायकामुलांनी निदान विचारल्यावर उत्तर दिलं होतं, की खाऊ आम्ही, पण पापाचे वाटेकरी होणार नाही. आपल्याला कुणी विचारलंच नाही. देणगीने विकत घेतलेलं मौन दीडशे वर्षं टिकतं, हे मला यात दिसतं.

ते मौन मोडता येतं, हेही आपण बघितलं आहे. सॅकलर घराण्याच्या औषध कंपनीने ऑक्सिकॉन्टिन हे वेदनाशामक विकून अमेरिकेत व्यसनाची साथ पसरायला हातभार लावला आणि घराण्याचं नाव जगभरच्या संग्रहालयांच्या दालनांवर चमकत राहिलं. २०१८ च्या मार्चमध्ये छायाचित्रकार नॅन गोल्डिन हिने सहकाऱ्यांसह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या सॅकलर दालनातल्या पाण्यात गोळ्यांच्या बाटल्या टाकल्या आणि ती माणसं जमिनीवर मेल्यासारखी पडून राहिली. पुढच्या वर्षी लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने दहा लाख पाउंडांची देणगी सोडली, लूव्रने नाव उतरवलं, २०२१ च्या डिसेंबरात मेट्रोपॉलिटननेही उतरवलं. तोवर या संस्थांमधल्या विद्वान विश्वस्तांना वर्तमानपत्रं वाचता येत नव्हती काय? येत होती. पण पाटीखाली उभं राहून पाटीबद्दल बोलणं फार कठीण असतं. ते गोल्डिन बोलू शकली, कारण ती स्वतः त्या गोळ्यांच्या व्यसनातून उठली होती आणि त्या दालनाची मिंधी नव्हती.

राहिला तिसरा अंक, म्हणजे प्राध्यापकांचं हुकमी पान. बार्बरा बापाच्या कारखान्याचं गाव, पेरिव्हेल सेंट अँड्र्यूज, बघायला जाते. ते स्वच्छ, सुखी, पोटभर जेवलेल्या कामगारांचं गाव निघतं. कझिन्स कारखान्याचा वारस व्हायला तयार होतो आणि बार्बरा त्याच्याबरोबर राहायचं ठरवते. बॉजर आणि अंडरशाफ्ट यांच्याकडे पाठ फिरवणं म्हणजे जगण्याकडेच पाठ फिरवणं आहे, असं ती स्वतःच्या तोंडाने म्हणते. मग ती हरली ना? मला नाही वाटत. ती कशाचा त्याग करते ते नीट बघा. आपण स्वच्छ आहोत हा अभिमान ती सोडते. बोलण्याचा हक्क सोडत नाही, उलट तो परत मिळवायलाच ती तिथे जाते. अंडरशाफ्टने तिला टोमणा मारलेला असतो, की एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात पावाचा तुकडा घेऊन उपाशी माणसांना बदलणं सोपं आहे. (हे वाक्य मिशनऱ्यांवर फेकून मारायला सोयीचं आहे, पण अन्नछत्राच्या रांगेत नाव-जात-पक्ष विचारणाऱ्या प्रत्येकाला ते लागू आहे.) तो टोमणा तिला लागतो. पेरिव्हेलची माणसं भरल्या पोटाची, तोऱ्यातली, भांडखोर आहेत. ती तिचं ऐकतील तर पावासाठी ऐकणार नाहीत. भाकरीच्या लाचेतून सुटले आणि स्वर्गाच्याही, असं ती म्हणते ते याच अर्थाने. धारेखाली ओंजळ धरून उभं राहणं आणि नळावर हात ठेवायला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तरीही हा अंक मला पुरता पटत नाही, हे सांगितलं पाहिजे. तोफांचा कारखाना आणि त्यात ना अपघात, ना संप, ना एकही विधवा. शॉने इथे आपल्या बाजूचे फासे जड केले आहेत. मालकाची बायको झालेली बार्बरा मालकाला काय सांगू शकेल, याचं उत्तर नाटकात नाही. युद्धाविरुद्धच युद्ध करू म्हणणारा कझिन्स १९०५ मध्ये भाबडा वाटला नसेलही, पण नऊ वर्षांनी १९१४ उजाडलं. मात्र शॉ अंडरशाफ्टला निर्दोष सोडत नाही. कारखान्यात तोफांच्या चाचणीसाठी ठेवलेले पेंढ्याचे सैनिक पडलेले असतात. मांचुरियाहून तार येते, नव्या हवाई युद्धनौकेने एक किल्ला तीनशे सैनिकांसह नाहीसा केला. पेंढ्याचे सैनिक का, कझिन्स विचारतो. अंडरशाफ्ट पायापाशी पडलेला पेंढ्याचा माणूस लाथेने बाजूला उडवतो आणि म्हणतो, नाही, खरे. ज्यांना या नाटकात ‘पैसा घ्या आणि विसरा’ एवढंच सापडतं, त्यांनी ही लाथ वाचलेली नाही.

तुकोबांचा अभंग आमच्या सभेतही म्हटला गेला: जोडोनिया धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी. पण तो कमावणाऱ्याला आणि खर्चणाऱ्याला सांगितलेला आहे. घेणाऱ्याने काय करावं? माझ्यापुरतं मी एवढंच मागणं सभेत ठेवलं, की देणगी घ्यायचीच असेल तर पाटी नको, सत्कार नको, आणि वाचनालय जे आजवर करत आलं ते देणगीदारासमोर जसंच्या तसं करता आलं पाहिजे. माझ्या म्हणण्याला कुणी विरोध केला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि निर्णय पुढच्या सभेवर गेला.

गांधी जयंतीच्या आठवड्यात आमच्या वाचनालयात दर वर्षी व्यसनमुक्तीवर तीन व्याख्यानं होतात. मी शाळेत होतो तेव्हापासून होतात. पहिल्या रांगेत नेहमी त्याच पाच-सहा बाया बसलेल्या असतात, आणि त्या का येतात हे गावाला माहीत आहे. गेल्या आठवड्यात सूचनाफलकावर वर्षभराच्या कार्यक्रमांची यादी लागली. त्या तीन दिवसांपुढे ‘वाचन आणि व्यक्तिमत्त्व’ असं लिहिलं आहे. मी चिटणिसांना विचारलं. ते चांगले गृहस्थ आहेत, वीस वर्षं विनावेतन काम करतात. ते म्हणाले, यंदा इमारतीचं चाललंय, उगाच कुणाला वाईट वाटायला नको. देणगीदारांनी तसं काही सुचवलं होतं का? छे, त्यांना तर या व्याख्यानांची माहितीही नसेल. देणगीवरचा निर्णय अजून व्हायचा आहे आणि चेक तर आलेलाही नाही.